निकाल झाकून डाव सांगा

नमस्कार मंडळी. मी हौशी पोकर खेळाडू आहे. नोकरी बँकेत, राहायला पुण्यात, आणि सुट्टी जमेल तशी गोव्याला जाऊन टेक्सास होल्डेम या प्रकारातल्या स्पर्धा खेळते. परत आले की घरी, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्यात एकच प्रश्न असतो : 'काय गं, किती जिंकलीस?' विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण हौशी स्पर्धक चांगला खेळतो की वाईट, हे ठरवायला त्या प्रश्नाचा उपयोग होत नाही. हरल्यावर होत नाही आणि जिंकल्यावर तर त्याहून होत नाही. आज मला हीच एक गोष्ट तुम्हाला पटवून द्यायची आहे, कारण ती न कळल्यामुळे भल्याभल्या हुशार माणसांचे पैसे आणि मनःस्वास्थ्य गेलेलं मी पाहिलं आहे.

दिवाळीत तीन पत्ती किंवा एरवी रमी आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलेली असते, त्यामुळे खेळ थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्याने बघायचे. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात : आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न आणि शेवटचा रिव्हर. आपले दोन आणि टेबलावरचे पाच मिळून ज्याचे पाच पत्ते सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते आणि समोरच्याने पत्ते टाकून दिले, तर पत्ते न दाखवताही डाव जिंकता येतो. स्पर्धेत प्रवेश शुल्क एकदा भरायचं, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे बोली लावायच्या चकत्या, मिळतात, आणि चिप्स संपल्या की माणूस बाहेर. त्या चिप्सचे थेट पैसे होत नाहीत. शेवटपर्यंत टिकणाऱ्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच बक्षीस मिळतं, त्यातही मोठा वाटा पहिल्या तिघांचा.

यात एक गोष्ट तीन पत्तीपेक्षा फार वेगळी आहे. दर डावाला दोघांना सक्तीची बोली लावावी लागते, एकाला छोटी, एकाला मोठी, तिला ब्लाइंड म्हणतात, आणि ही रक्कम दर वीस-तीस मिनिटांनी वाढत जाते. नुसतं बसून राहिलात तरी घरभाडं चालूच, आणि दर अर्ध्या तासाने घरमालक ते वाढवणार. म्हणून 'चांगले पत्ते आले की खेळू' असं म्हणून चालत नाही. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. म्हणजे सात-आठ-नऊ तासांत एकदा. पुष्कळ छोट्या स्पर्धा तेवढा वेळ चालतच नाहीत. तेव्हा मिळतील त्या पत्त्यांनिशी, कधीतरी सगळ्या चिप्स पुढे ढकलाव्याच लागतात. यालाच ऑल-इन म्हणतात.

आता समजा, तुम्ही इतके कसलेले आहात की प्रत्येक ऑल-इनच्या वेळी तुमची जिंकण्याची शक्यता ऐंशी टक्के असते. प्रत्यक्षात इतकं चांगलं कोणाचंच नसतं, पण धरू या. स्पर्धा जिंकायला असे पाच प्रसंग पार करायचे असतील, तर ०.८ चा पाचवा घात काढायचा. उत्तर येतं ०.३३. दर वेळी तुम्ही पुढे होता, दर वेळी तुमचा निर्णय योग्य होता, आणि तरीही तीनपैकी दोन वेळा तुम्ही बाहेर. घरी आल्यावर 'किती जिंकलीस?' या प्रश्नाला उत्तर 'काही नाही'.

एक-दोन आकडे आणखी ऐका, कारण सगळं यावरच उभं आहे. शंभर जणांची स्पर्धा, बारा बक्षिसं. सगळे सारखेच खेळणारे असते, तर प्रत्येकाला शंभरात बारा वेळा बक्षीस मिळालं असतं. त्यातला एकजण खरोखर चांगला आहे, त्याला शंभरात पंधरा वेळा मिळतं. हा चांगला माणूस सलग दहा स्पर्धा रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता जवळजवळ वीस टक्के आहे. सरासरी माणसासाठी तीच अठ्ठावीस टक्के. वीस आणि अठ्ठावीस यांत फरक तो किती! दहा स्पर्धा कोरड्या गेल्या एवढ्यावरून आपण कोणत्या गटातले, हे कोणीही सांगू शकणार नाही. आणि नोकरी, घर सांभाळून गोव्याला जाणाऱ्या माणसाच्या दहा स्पर्धा म्हणजे काय लहान काळ असतो का?

पहिल्या क्रमांकाचं तर विचारूच नका. सरासरी खेळाडू शंभरात एकदा जिंकेल, चांगला दोनदा, कच्चा दोनशेत एकदा, असं धरा. प्रत्येकाला पन्नास स्पर्धा खेळू द्या. कच्च्या खेळाडूंपैकी शंभरातले बावीस जण एखादी तरी स्पर्धा जिंकलेले असतील. चांगल्या खेळाडूंपैकी छत्तीस जणांच्या घरी एकही चषक नसेल. ते बावीस जण फोटो लावतील, मित्रांना शिकवतील, जास्त शुल्काच्या स्पर्धांत जाऊन बसतील. त्या छत्तिसांतले कित्येक 'आपल्यात दम नाही' म्हणून खेळ सोडून देतील. दोन्ही गट समोर दिसणाऱ्या निकालावरून प्रामाणिकपणे निष्कर्ष काढत असतात. म्हणून मला दोघांचंही वाईट वाटतं.

जगात पोकरची लाट आली तीच मुळी एका हौशी माणसामुळे. लास वेगासमधली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० पासून चालू आहे. २००३ साली तिच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. त्यांत टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा सत्तावीस वर्षांचा अकाउंटंट होता. आडनाव खरंच मनीमेकर. तो इंटरनेटवरच्या ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून तिथवर पोचला होता. तो जिंकला, २५ लाख डॉलर मिळाले, आणि पुढच्या वर्षी स्पर्धकांची संख्या २,५७६ झाली, २००५ मध्ये ५,६१९, २००६ मध्ये ८,७७३. 'एका अकाउंटंटला जमलं तर मला का नाही,' असं जगभरच्या कचेऱ्यांत माणसांना वाटलं.

त्या स्पर्धेतला एक डाव मात्र मी प्रत्येक नवशिक्याला दाखवते. दहा जण उरले होते, अंतिम टेबलाला एकच माणूस कमी व्हायचा होता. मनीमेकरकडे एक्का-राणी, फिल आयव्हीकडे नव्व्यांची जोडी. आयव्ही पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला. फ्लॉपवर दोन राण्या आणि छक्की आली, मनीमेकर खूप पुढे गेला. टर्नला नव्वी आली आणि आयव्हीचं फुल हाउस झालं, म्हणजे तीन सारखे पत्ते आणि एक जोडी. सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. आता न उघडलेल्या ४४ पत्त्यांपैकी मनीमेकरला वाचवणारे फक्त सात होते : तीन एक्के, तीन छक्क्या आणि उरलेली एक राणी. सोळा टक्के. रिव्हरला एक्का आला. आयव्ही दहावा येऊन बाहेर पडला. ३७ पत्त्यांपैकी कोणताही आला असता, तर मनीमेकरला मोठा फटका बसला असता, आणि पुढचा सगळा इतिहास कदाचित दुसऱ्याच नावाने लिहिला गेला असता. मनीमेकर धाडसी खेळला होता यात शंका नाही. शेवटच्या दोघांत उरलेल्या सॅम फारहाविरुद्ध त्याने हातात काही नसताना सगळ्या चिप्स पुढे सारून त्याला पत्ते टाकायला लावले, ती हिंमत मला आजही थक्क करते. पण ते ८,७७३ जण जे बघून आले, त्यात त्या एक्क्याचा वाटा मोठा होता आणि तो कोणी मोजला नाही.

आता गोव्याकडे येते. पणजीला मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. धक्क्यावरून छोट्या बोटीने तिथे जायचं. एकवीस वर्षांखाली प्रवेश नाही, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. त्यामुळे टेबलाभोवती सुरतेचे व्यापारी, बंगळुरूचे सॉफ्टवेअरवाले, दिल्लीचे बिल्डर आणि आपले मुंबई-पुणे-नाशिकचे लोक असतात. बाईमाणूस बहुधा मी एकटीच. लोक 'मॅडम' म्हणतात, आदराने वागतात, आणि मी बोली वाढवली की 'मॅडमकडे नक्की मोठे पत्ते आहेत' असं समजून पत्ते टाकून देतात. त्याचा मी पुरेपूर फायदा घेते. २०१८ मध्ये निकिता लूथरने वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट, म्हणजे तिथल्या विजेत्याला मिळणारं कडं, जिंकलं, ते जिंकणारी पहिली भारतीय महिला. तेव्हापासून आमच्या टेबलांवर हा समज थोडा सैल झाला आहे. अजून पुरता गेलेला नाही.

माझं आजवरचं सर्वांत मोठं बक्षीस कसं आलं ते सांगते. अंतिम टेबल, नऊ जण. माझ्याकडे अकरा मोठ्या ब्लाइंडइतक्याच चिप्स उरल्या होत्या. गुलामांची जोडी आली, मी ऑल-इन गेले. इतक्या कमी चिप्स असताना गुलामांची जोडी टाकून द्यायला कोणतंही पुस्तक सांगणार नाही. समोरच्याने उघडल्या राण्या. फ्लॉप गेला, टर्न गेला, काही नाही. आता ४४ पैकी दोनच पत्ते, बाविसात एक. डीलरने रिव्हर उलटला तो किलवरचा गुलाम. टेबलावर ओरडा झाला, समोरचा माणूस काही क्षण नुसता पत्त्याकडे बघत राहिला आणि मग उठून त्याने माझ्याशी हात मिळवला. मी दुसरी आले. परतीच्या वाटेवर फोन थांबत नव्हता. 'काय खेळलीस!' माझ्या वहीत त्या डावापुढे लिहिलं आहे : ऑल-इन बरोबर, गुलाम आला. बरोबर होतं ते ऑल-इन जाणं. गुलाम येण्यात माझं कर्तृत्व शून्य.

त्याच वर्षी दुसऱ्या एका स्पर्धेत एक्क्यांची जोडी घेऊन मी सगळ्या चिप्स मध्ये घातल्या, समोर सत्त्यांची जोडी होती. माझी बाजू ऐंशी टक्के. फ्लॉपवर सत्ती आली आणि मी रात्रीच्या जेवणाआधी बाहेर पडले. वहीत त्यापुढेही 'बरोबर' असंच लिहिलं आहे.

इथे एक धोक्याची जागा आहे, आणि ती मी मनापासून सांगते आहे. असा फटका बसला की डोकं तापतं. खेळाडू त्याला टिल्ट म्हणतात. आणि नेमकं त्याच वेळी बाहेरच्या काउंटरवर फेरप्रवेश चालू असतो. पुन्हा शुल्क भरा, नव्या चिप्स घ्या, पुन्हा बसा. तापलेल्या डोक्याने घेतलेल्या या चिप्स कशा उडतात ते मी पाहिलं आहे. एक तरुण मुलगा, सव्वीस-सत्तावीसचा, उत्तम खेळणारा, तिसऱ्यांदा शुल्क भरण्यासाठी मित्राला फोन करून यूपीआयने पैसे मागत होता. आवाज खाली, पाठ आमच्याकडे. पत्त्यांचं गणित त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मी त्याला पाणी दिलं, म्हटलं बाळा, आज पुरे. तो हसला आणि आत गेला. म्हणून माझा नियम असा : प्रवासाला निघण्याआधी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात, त्या खात्याचं कार्ड एवढंच सोबत, आणि ते संपलं की समुद्रकिनारा. उधारीवर एकही डाव नाही. घरच्यांना रक्कम आधी माहीत. जुने खेळाडू म्हणतात, स्पर्धा खेळायच्या तर निदान शंभर प्रवेश शुल्कं गाठीशी हवीत. नोकरदार माणसाला ते परवडत नाही. त्याने हा सरळ सहलीसारखा खर्च धरावा, परत न येणारा. तसा धरता येत नसेल, तर खेळू नये. यात मी कोणाशी तडजोड करत नाही.

पैशांचा हिशेब निघालाच आहे, तर करांचं सांगते, कारण व्याख्यानांत आणि व्हिडिओंत याबद्दल कोणी बोलत नाही. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर आपल्याकडे सरसकट तीस टक्के आयकर आहे, वर उपकर. त्यातून खर्च वजा करता येत नाही, आणि हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेशी जुळवून घेता येत नाही. उदाहरण घ्या. वर्षभरात दहा-दहा हजारांच्या वीस स्पर्धा खेळलात, दोन लाख भरले. एकोणीस कोरड्या गेल्या, विसावीत अडीच लाखांचं बक्षीस मिळालं. लोक म्हणतील, पन्नास हजार कमावले. कर किती? तीस टक्क्यांनी पंचाहत्तर हजार आणि चार टक्के उपकर धरून अठ्ठ्याहत्तर हजार. हातात राहिले एक लाख बहात्तर हजार. भरले होते दोन लाख. ज्या वर्षी तुम्ही जिंकलात त्या वर्षी तुम्ही अठ्ठावीस हजारांनी खाली आहात, आणि यात पणजीचं हॉटेल आणि गाडीभाडं धरलेलं नाही. शुल्काचा भार वाटून घ्यायला मित्रांना बक्षिसातले हिस्से आधी विकले असतील, तरी कर कापला जातो तो जिंकणाऱ्याच्याच पॅनवर, मग मित्रांशी वाटणी करताना वाद. शिवाय आयोजकाचा वाटा शुल्कातून आधीच गेलेला असतो, आणि कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे. हा सगळा भार शेवटी टेबलाभोवती बसलेल्यांच्याच खिशातून जातो. तेव्हा सरासरी खेळाडू दीर्घ मुदतीत बरोबरीत सुटत नाही, तो हळूहळू खालीच जातो. थोडासा चांगला खेळाडूसुद्धा बहुधा खालीच जातो. हे डोळ्यांसमोर ठेवून मग ज्याला जायचं त्याने जावं.

कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे : हा जुगार की कौशल्य? कायद्याने याचं एक उत्तर दिलेलं नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. पोकरबद्दल उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी पडली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच मानलं. आपल्या महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा लागू आहे. १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी वेगळा कायदा झाला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून पुण्याच्या माणसाला मांडवी गाठावी लागते. माझ्यापुरतं उत्तर असं आहे : एका डावात नशीब जवळजवळ सगळं, हजारो डावांत कौशल्य पुष्कळ, आणि हौशी माणूस आयुष्यभर या दोन्हींच्या मधल्या प्रदेशात राहतो.

त्या मधल्या प्रदेशातून बाहेर पडायचा एक मार्ग काही वर्षं होता. इंटरनेटवर थोड्या पैशांच्या स्पर्धा घरबसल्या खेळता येत. आठवड्याला कित्येक. वर्ष-दोन वर्षांत निकालांचा इतका मोठा नमुना जमा व्हायचा की आपण कुठे आहोत याचा अंदाज यायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने बंद केले. या कायद्यामागची काळजी मला समजते. बँकेच्या काउंटरवर बसून मी मुलांच्या खात्यांतून पैसे कसे वाहून गेले ते पाहिलं आहे, आणि त्या आई-वडिलांसमोर बसून 'खेळाचा नमुना लहान झाला' अशी तक्रार मी करणार नाही. पण हौशी स्पर्धकाच्या बाबतीत त्याचा एक परिणाम झाला तो असा, की आता त्याच्याकडे फक्त गोव्याच्या मोजक्या स्पर्धा उरल्या. निकालावरून स्वतःला जोखणं आधी कठीण होतं, आता जवळजवळ अशक्य झालं आहे.

मग जोखायचं कसं? आम्ही पुण्यात चौघं-पाच जण रविवारी सकाळी एकाच्या घरी जमतो. पैसे लावत नाही. प्रत्येकाने आपल्या वहीतला एक डाव सांगायचा : कोणाकडे किती चिप्स, ब्लाइंड किती, कोण कुठे बसला होता, तोवर तो कसा खेळत आला, आपले पत्ते काय, बोली कशी चढली. आणि निर्णयाच्या क्षणी थांबायचं. पुढे कोणता पत्ता आला, डाव कोणी जिंकला, हे सांगायचं नाही. ज्याने सांगितलं त्याने सगळ्यांना चहा-पोहे द्यायचे. सुरुवातीला जीभ आवरत नाही. माणसाला गोष्टीचा शेवट सांगायचाच असतो, विशेषतः आपल्यावर अन्याय झाला असेल तर. पण शेवट काढून घेतला की बोलणं बदलतं. 'काय नशीब फुटकं' हे वाक्य जातं आणि 'तो त्या जागेवरून कोणकोणत्या पत्त्यांवर बोली वाढवतो?' हे वाक्य येतं. एकदा एकाने आपल्याच मोठ्या विजयातला डाव शेवट न सांगता मांडला, आणि चौघांनी मिळून तो निर्णय चुकीचा ठरवला. त्याला काही बोलताच येईना. मला वाटतं, त्या सकाळी तो जितकं शिकला तितकं त्या चषकाने त्याला कधीच शिकवलं नसतं.

माझा एक डाव तिथे अजून अडकून पडला आहे, तो तुमच्यापुढे मांडते. दहा जणांची एका टेबलाची स्पर्धा, हिशेबाच्या सोयीसाठी बक्षिसांची रक्कम एक लाख धरा : पहिल्याला पन्नास हजार, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला वीस. आम्ही चौघं उरलो होतो. म्हणजे एकजण आता रिकाम्या हाताने जाणार. या टप्प्याला बबल म्हणतात. चौघांच्या चिप्स जवळपास सारख्या, प्रत्येकी दहा-बारा ब्लाइंड. माझ्या आधीचा माणूस ऑल-इन गेला. मी पत्ते उचलले, दश्शांची जोडी.

चिप्सच्या भाषेत बघाल, तर पन्नास टक्क्यांहून जास्त शक्यता असली की पुढे जावं. पण चिप्स म्हणजे पैसे नाहीत. चौघं सारखे असताना माझ्या जागेची किंमत पंचवीस हजार. मी खेळले आणि जिंकले, तर चिप्स दुप्पट होतात, पण जागेची किंमत पन्नास हजार होत नाही. दुप्पट चिप्सवर पहिली येण्याची शक्यता निम्मी, दुसरी येण्याची एक तृतीयांश, तिसरी येण्याची एक षष्ठांश. गुणाकार करून बेरीज केली की ३८,३३३ रुपये होतात. हरले तर शून्य. म्हणजे पंचवीस हजार पणाला लावून ३८,३३३ मिळवायचे, तर जिंकण्याची शक्यता पासष्ट टक्क्यांच्या वर हवी. पंचावन्न टक्क्यांवर खेळले, तर सरासरीने हातात राहतात एकवीस हजार. चार हजार हवेत गेले, आणि बघणारे म्हणतील, काय धाडसी बाई! या गणिताला इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात, खेळाडूंच्या बोलीत आयसीएम. स्थानिक स्पर्धांत माणसं सर्वांत जास्त पैसे इथेच घालवतात असं माझं मत आहे, एक्क्यांवर सत्ती आली म्हणून नव्हे.

मी दश्शा टाकून दिल्या. पुढे काय झालं ते मी रविवारी सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.

माझं म्हणणं असं : समोरचा माणूस आठ्ठ्यांची जोडी किंवा त्यावरच्या जोड्या, एक्का-गुलामापासून वरचे एक्के आणि राजा-राणी एवढ्यावरच ऑल-इन जात असेल, तर माझ्या दश्शांना जेमतेम पन्नास टक्के. टाकणंच योग्य. आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांना ते मान्य नाही. ते म्हणतात, तो माणूस मागच्या दोन फेऱ्यांत तीनदा ऑल-इन गेला होता, हे तूच वहीत लिहिलं आहेस. तिन्ही वेळा सगळ्यांनी पत्ते टाकले, त्याला पत्ते दाखवावे लागलेच नाहीत. इतके चांगले पत्ते दोन फेऱ्यांत तीनदा येतात का? तो जवळजवळ कोणत्याही पत्त्यांवर जात असेल, तर दश्शांची जोडी पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात जाते, आणि मग टाकणं हीच चूक. मी म्हणते, तीन प्रसंगांवरून माणूस असा ठरवता येत नाही, तीन हा नमुना फार लहान आहे. मास्तर म्हणतात, टेबलावर तुला याहून मोठा नमुना कधी मिळणार आहे? याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पुढच्या रविवारी ते त्या माणसाच्या संभाव्य पत्त्यांचे वेगवेगळे संच मांडून आणणार आहेत, नेमकं कुठे पासष्ट टक्क्यांची रेघ ओलांडली जाते ते बघायला. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल, तर व्याख्यानानंतर भेटा. पैसे लागत नाहीत, वही आणि पेन्सिल लागते.